बाळंतपणाची फाईल

दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागायची आणि डाव्या जबड्यात आवळल्यासारखं व्हायचं. मिनिटभर थांबलं की जायचं. जबडा म्हणून आधी दाताच्या डॉक्टरकडे गेले. दात ठणठणीत! मग फिजिशियन. ईसीजी नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका," म्हणाले आणि ॲसिडिटीची गोळी दिली. पडल्या पडल्या काढलेला ईसीजी चांगला आला म्हणून जिन्यावरचा त्रास खोटा ठरत नाही, हे मला माहीत नव्हतं. त्यांना असायला हवं होतं.

तीन महिने गोळी खाल्ली. मग दुसऱ्या डॉक्टर गाठल्या. त्यांनी विचारलं, "गरोदरपणात शुगर, बीपी वाढलं होतं?"

"दोन्ही. पण नऊ वर्षं झाली. बाळंतपणानंतर गेलं."

"गेलं असं कुणी सांगितलं?"

कुणीच नाही. घरी सोडताना एकदा शुगर बघितली होती, ती बरी आली. त्यानंतरच्या सगळ्या फेऱ्या बाळाच्या. त्याचं वजन, त्याच्या लसी. माझ्या दंडाला बीपीचा पट्टा परत लागलाच नाही.

त्या म्हणाल्या, फाईल आणा. माळ्यावर सापडली, पिना गंजलेल्या. बीपी १५०/१००, लघवीत प्रोटीन दोन अधिक, म्हणजे '++'. खाली सल्ला: लोह, कॅल्शियम, टाके कोरडे ठेवा. शुगरबद्दल अक्षर नाही. खरं तर गरोदरपणात शुगर वाढली असेल तर बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ग्लुकोजची तपासणी करायची असते, आणि ती बरी आली तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी शुगर बघायची असते. आणि बीपी वाढून लघवीत प्रोटीन गेलेलं असेल, तर पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. हे मला नऊ वर्षांनी कळत होतं.

हिमोग्लोबिन ९.४ निघालं. लोह कमी असलं की एचबीएवनसीचा, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा, आकडा फसवा येऊ शकतो, म्हणून त्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात घालून प्यायला लावलं. उपाशीपोटी ते गोड इतकं अंगावर येतं की दोन तास फक्त ओकारी आवरत बसले होते. आधी १०८, नंतर १७२. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. घरी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बीपी लिहिलं, बहुतेक वेळा १४५च्या वर.

सीटी अँजिओग्राफीत, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या स्कॅनमध्ये, ब्लॉकेज नाही. नवरा हुश्श करून म्हणाला, "म्हणजे हार्टचं काही नाही." मलाही तेच ऐकायचं होतं. डॉक्टर मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. मोठ्या नळ्या मोकळ्या असल्या तरी हृदयातल्या बारीक रक्तवाहिन्या श्रमाच्या वेळी पुरेशा फुलत नसतील तर असंच होतं, त्या या तपासणीत दिसत नाहीत, आणि हा प्रकार बायकांमध्ये जास्त आढळतो, म्हणाल्या. बीपीची गोळी, कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, लोह, रोज चालणं. दीड महिन्यात जिना एका दमात चढले. जबडा अजून कधीतरी आवळतो, पण आता मी त्याची तारीख लिहून ठेवते.

परवा दुसऱ्या एका ठिकाणी फॉर्म भरत होते. 'पूर्वीचे आजार' मध्ये मधुमेह, दमा, शस्त्रक्रिया अशा चौकटी. बाळंतपणाला चौकटच नाही. मी समासात लिहायला लागले.

"ते इथे लागत नाही, मॅडम," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"लागतं," म्हटलं, आणि प्रोटीनचे दोन अधिकसुद्धा लिहिले.