वीस हापसे

दुपारी चारच्या सुमाराला, डिकीतलं सामान अजून अर्धंच बाहेर आलेलं असताना, कॅम्पग्राउंडच्या पलीकडच्या टोकाला कुणीतरी हापसा हापसायला लागतं. कर्र-खट्, कर्र-खट्. आवाज कोरडा आहे, म्हणजे पाणी अजून वर आलेलं नाही. आठ झाले, दहा झाले. नवखा माणूस असेल तर तो इथेच दांडा सोडतो, पंप बंद आहे असं बायकोला ओरडून सांगतो आणि गाडीकडे वळतो. मुरलेला माणूस मान खाली घालून हापसत राहतो. चौदाव्या-पंधराव्याला दांडा जड होतो, आवाज ओला होतो, आणि विसाव्याच्या आतबाहेर भडाभडा पाणी येतं.

दोष पंपाचा नसतो. अमेरिकेच्या मिडवेस्टात, आयोवा, विस्कॉन्सिन, मिशिगन या भागात हिवाळ्यात जमीन काही फूट खोल गोठते. पाइपात पाणी उभं राहिलं तर जानेवारीत पाइप तडकणार. म्हणून गोठणाऱ्या थराच्या खाली पाइपला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. हापसणं थांबलं की वर चढलेलं पाणी त्या भोकातून हळूहळू परत विहिरीत उतरतं. पुढच्या माणसाला पहिल्यापासून सुरुवात. आपल्या गावच्या हापशाला वीस हापसे लागायला लागले की वायसर गेला समजायचं. इथे वीस लागले तर पंप ठणठणीत.

तसे हे दोघे नातलगच आहेत. साठच्या दशकात आपल्याकडे बोअर घेऊन त्यांवर जे बिडाचे पंप बसवले, त्यांची घडण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या शेतघरांच्या अंगणातल्या पंपांची होती. एक कुटुंब, चार गुरं, दिवसाला काही बादल्या, एवढ्या हिशेबाची वस्तू. मराठवाड्यात तिच्यासमोर अख्खं गाव घागरी घेऊन रांगेत उभं राहिलं. सांधे झिजले, बीड तडकलं. मग जालना आणि सोलापूरकडच्या कारखान्यांत या पंपाची नव्याने जुळणी झाली, आणि सोलापूर पंपावरून सत्तरच्या दशकात, युनिसेफच्या मदतीने, इंडिया मार्क टू हा हापसा आला. मिडवेस्टातल्या कॅम्पग्राउंडवर तो मूळ बिडाचा पंप मात्र अजून सुखात नांदतो आहे. त्याच्यावर आजही एका घराएवढंच काम पडतं.

ज्यांच्या लहानपणी आळीच्या तोंडाशी हापसा होता, त्यांना हे सांगायला नको की हापसा हे दोघांचं काम आहे. एकाने लोंबकळायचं, दुसऱ्याने कळशी धरायची. एकट्याने बाटली भरायला गेलं की एक हात दांड्यावर, दुसरा धारेखाली, आणि धार मात्र दर हापशाला वीतभर पुढे-मागे नाचते. बाटलीत पाव, बुटात पाऊण. त्यावर उपाय रुंद तोंडाच्या बादलीचा. बादली तोटीखाली ठेवायची, दोन्ही हातांनी हापसायचं, आणि मग तिथून बाजूला होऊन, नरसाळ्याने सावकाश कॅनमध्ये ओतायचं. पंपाखाली भांडी घासायची नाहीत, दातही नाही. उष्टं पाणी गाळून शितं पिशवीत भरायची. ती टेबलाखाली सांडली तर रात्री रॅकून नावाचे चोरटे रानटी प्राणी येतात, आणि रॅकूनला आइसबॉक्सची कडी उघडता येते.

पाणी किती लागतं, यावर लोक वाद घालत बसतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला चार लिटर धरावेत, भांड्यांना वेगळे. दोघांना दोन रात्रींसाठी वीस-वीस लिटरचे दोन कॅन पुरून उरतात, आणि निदान एक तरी घरून भरून न्यावा. कारण पोचल्यावर पंपाच्या दांड्याला साखळी आणि वर पाणी पिण्यालायक नसल्याची पाटी, हे दृश्य दुर्मीळ नाही. दुधाच्या गॅलनच्या कॅनमध्ये पाणी भरून, वर चार बोटं जागा सोडून, घरच्या फ्रीझरमध्ये गोठवलं की तोच बर्फ आणि तेच पिण्याचं पाणी. बर्फाची मोठी ढेप चुऱ्यापेक्षा बरीच जास्त टिकते, शिवाय पनीर पाण्यात पोहत नाही.

आता चहा. या पाण्यात लोह असतं. तोटीतून येताना पाणी काचेसारखं नितळ आणि थंडगार लागतं, पण हवा लागली की तासा-दोन तासांत त्याला तांबूस झाक येते. अशा पाण्याचा चहा केला की पातेल्यात शाई दिसते. शाई म्हणजे अक्षरशः शाई. चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह यांची गाठ पडली की काळा रंग तयार होतो, आणि जुन्या काळी लिहायची शाई याच मेळातून करत. दूध घातल्यावर तो राखाडी होतो, चव जरा खिळे उकळल्यासारखी. आजारी कुणी पडत नाही, पण पहिल्या घोटाला सगळे एकमेकांकडे बघतात. रात्रीच बादली भरून झाकून ठेवावी, सकाळी गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी सुती फडक्यातून गाळून घ्यावं. तेवढं करायचं नसेल तर चहाचं पाणी घरून.

तान्हं बाळ बरोबर असेल तर मात्र हा विषय चेष्टेचा नाही. मक्याच्या राज्यांत उथळ विहिरींच्या पाण्यात खतांमधलं नायट्रेट उतरतं. ते दिसत नाही, त्याला चव नाही, आणि उकळल्याने ते जात नाही. पाणी आटतं आणि नायट्रेटचं प्रमाण उलट वाढतं. बाळाच्या दुधाला बाटलीबंद पाणी.

अशा साध्या कॅम्पग्राउंडना मिशिगनमध्ये रस्टिक म्हणतात, इतरत्र प्रिमिटिव्ह. म्हणजे वीज नाही, शॉवर नाही, फ्लश नाही. पिकनिक टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, खड्ड्याचा संडास, आणि नशीब असेल तर हापसा. इंडियानाच्या दक्षिणेला हूझियर नॅशनल फॉरेस्ट आहे, इलिनॉयच्या दक्षिणेला शॉनी, आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात यलो रिव्हर स्टेट फॉरेस्ट. पण मला विचाराल तर सर्वांत निवांत जागा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, मालकीच्या. आयोवात १९५५ च्या कायद्याने काउंटीला स्वतःची उद्यानं सांभाळणारं मंडळ नेमता आलं, आणि आज ९९ च्या ९९ काउंट्यांत ते आहे. त्यांच्या कितीतरी जागा मक्याच्या शेतांमधून जाणाऱ्या खडीच्या रस्त्याच्या शेवटी असतात. तिथे खिडकीत बसलेला माणूस नसतो. खांबाला एक पेटी असते, पेटीत पाकिटं, शेजारी जाड लोखंडी नळकांडं. पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, पैसे आत, पाकीट नळकांड्यात. सुट्टे नसतात, म्हणून एक आणि पाच डॉलरच्या नोटांची पुरचुंडी गाडीत कायम असावी. आणि स्वतःचं पेन. तिथे दोरीला बांधलेली पेन्सिल असते, तिला टोक नसतं.

तंबू आधी, चहा नंतर, हा माझा हट्ट. ढग नसले तरी. उजेडात जागा दिसते, आणि जागा चुकली की पुढचं काही सुधारत नाही. आल्या आल्या डोळ्यांत भरते ती सपाट, गवत नसलेली, झाडलोट केल्यासारखी जागा. तिथे मागच्या शंभर जणांनी तंबू ठोकलेत म्हणून ती तशी आहे. माती चेपून चेपून बशी झालेली असते आणि पावसाचं पाणी त्या बशीतच साचतं. त्यापेक्षा शेजारी चार बोटं उतार असलेली गवताची जागा घ्यावी आणि डोकं चढाकडे करून झोपावं. ओढ्याच्या अगदी काठाला जाऊ नये. आयोवा-विस्कॉन्सिनच्या ज्या डोंगराळ पट्ट्याला ड्रिफ्टलेस म्हणतात, तिथल्या अरुंद दऱ्यांत पाणी बघता बघता चढतं. ऑगस्ट २०१८ मध्ये किकापू नदीने तिथे पुराचे जुने विक्रम मोडले. पूर नाही आला तरी काठाला थंडी साचते आणि दव दुप्पट पडतं.

मग वर बघायचं. आकाश नव्हे, फांद्या. डेट्रॉइटजवळ २००२ मध्ये एक चकचकीत हिरवा किडा पहिल्यांदा ओळखला गेला. त्याच्या अळ्या सालीखालून अ‍ॅशचं झाड पोखरतात. गेल्या वीस-बावीस वर्षांत मिडवेस्टभर ही झाडं उभ्या उभ्या वाळली, आणि वाळलेला अ‍ॅश वाकत नाही, कडकन मोडतो. हा किडा सरपणाबरोबर गावोगाव फिरला. म्हणून सरपण जाळायचं तिथेच विकत घ्यायचं, घरामागचं डिकीत भरून न्यायचं नाही.

तंबूखालच्या ताडपत्रीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या लोकांना मोठी ताडपत्री आवडते. चारी बाजूंनी फूटभर बाहेर, ऐसपैस, चपला ठेवायला बरी. पाऊस आला की छतावरून ओघळलेलं पाणी नेमकं त्या बाहेर आलेल्या फुटावर पडतं आणि तिथून सरळ तंबूखाली. पहाटे गादीखाली तळं, आणि शिव्या तंबूच्या कंपनीला. ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा दोन-तीन इंच आतच संपली पाहिजे. बाहेर राहत असेल तर आत दुमडायची. मेख ठोकताना तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवायचं. नायलॉनचं छत ओलं झालं की सैल पडतं, म्हणून झोपण्यापूर्वी तणावे एकदा पुन्हा ओढून घ्यायचे. छत आतल्या जाळीला टेकलं की तिथून ठिबक सुरू.

आणि एवढं करूनही सकाळी छत आतून ओलं. तंबू गळत नसतो, गळतो तो माणूस. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रभरात अर्धा लिटर पाणी सहज बाहेर पडतं, आणि ते छताच्या थंड कापडावर जाऊन बसतं. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या घट्ट लावल्या की हे पाणी वाढतंच. वरचे झरोके उघडेच ठेवावेत, उशाशी एक जुना पंचा असावा. जुलैत तर पंचाही हरतो. एक एकर मका दिवसाला ११,००० ते १५,००० लिटर पाणी पानांवाटे हवेत सोडतो. कॅम्पग्राउंडच्या चारी बाजूंना असा मका शेकडो एकर. त्या रात्री बाहेर काजवे, आत आपण, आणि दोघांच्या मध्ये पाणी.

ओला तंबू घरी येऊन पिशवीतच राहिला तर महिन्याभरात त्याला आंबूस वास येतो आणि आतला लेप चिकट होऊन पापुद्रे धरतो. तो लेप पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. गॅरेजमध्ये दोरी बांधावी.

गोचिडांबद्दल थोडक्यात. लाइम नावाचा आजार देणारी लहान गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. ०.५ टक्के परमेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांवर आणि बुटांवर आदल्या दिवशी फवारून पूर्ण वाळवावं, अंगाला लावू नये. झोपण्यापूर्वी काखा, गुडघ्यामागची लवण, कमरपट्ट्याची जागा आणि केसांची मुळं एकमेकांनी बघावीत. लाजायचं नाही.

कुकर नेऊ नये. खिचडी पातेल्यात होते. रात्री दहानंतर शांतता पाळायचा नियम असतो, आणि दूरच्या तंबूतलं कुजबुजणंही जिथे ऐकू येतं तिथे तिसरी शिट्टी फार लांब जाते. मिरचीच्या फोडणीचंही तेच. वाऱ्याची दिशा बघून करावी.

वाऱ्यावरून आठवलं. तिथे पोचल्यावर पेनने पहिली गोष्ट लिहायची ती पाकिटावर नाही, हातावर: काउंटीचं नाव. हवामान रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, सात वाहिन्यांवर बोलतो, आणि वादळाचा इशारा देताना तो काउंट्यांची नावं घेतो. दरीत फोनला रेंज नसते. रात्री दीडला रेडिओ नाव घेतो, आणि आपण नेमके कुठल्या काउंटीत झोपलो आहोत हे तंबूतल्या कुणालाच माहीत नसतं. १० ऑगस्ट २०२० ला भर दुपारी आयोवावरून डेरेचो, म्हणजे सरळ रेषेत धावणारं प्रचंड वादळ, गेलं, तेव्हा एकट्या सीडर रॅपिड्सची निम्म्याहून अधिक वृक्षराजी आडवी झाली. विजांपासून तंबू वाचवत नाही, पक्क्या टपाची गाडी वाचवते. पण टॉर्नेडोसमोर आणि मोडणाऱ्या झाडांखाली गाडीही नाही. अंदाज वाईट असेल तर संध्याकाळीच तंबू सोडून गावात जायचं. ते जमलं नाही, तर अशा जागी पक्क्या भिंतींची इमारत बहुतेकदा एकच असते, तीही काँक्रीटच्या ओतीव भिंतींची असेल तर: तो खड्ड्याचा संडास. आल्या आल्या नाक मुरडून त्याच्यापासून शक्य तितकी लांबची जागा आपण निवडलेली असते. उजेड असतानाच एकदा तंबूपासून तिथवर चालत जावं आणि पावलं मोजून ठेवावीत.