चतुर्दशीनंतरचे दिवस

दापोली, अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

चाकरमानी मुंबईला परतले. पडव्या रिकाम्या झाल्या. दारू सोडून आठ-दहा महिने झालेल्या माणसाला हेच दिवस जड जातात. गौरीच्या तिखट्या, म्हणजे मांसाहाराच्या, सणाला भावकीच्या आग्रहाने एक पेला पोटात जातो. त्या पेल्याहून मला धास्ती वाटते ती दुसऱ्या सकाळच्या विचाराची: ‘आता मोडलंच, तर शिमग्यापर्यंत चालू दे.’ मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी हे नेमकं हेरलं होतं. एकदा पाय घसरला म्हणून माणूस पुन्हा व्यसनात पडतोच असं नाही. त्याला तिथे ढकलते ती ‘माझ्याच्याने होणार नाही’ ही भावना.

म्हणून त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं. घरी जीभ रेटत नसेल तर एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मधल्या स्पॉन्सरला, म्हणजे आधार देणाऱ्या जुन्या सदस्याला, तोही नसेल तर १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला.

पण पिणं दोन-तीन आठवडे रोज चाललं असेल, तर खोलीत कोंडून एकदम बंद करू नये. घरची माणसं इथेच चुकतात, तीही मायेपोटी. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बरळणं, ताप. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून दिवस घालवू नयेत. गाऱ्हाणं जरूर घालावं, पण आधी उपजिल्हा रुग्णालय गाठावं. डॉक्टरांना रोज किती पीत होता ते खरं सांगावं. ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते. आकडा लपवला की तेच राहून जातं.

डायसल्फिरामची (वर दारू प्यायली तर त्रास होतो अशी) गोळी पुन्हा सुरू करायची ती डॉक्टरांना विचारून, आणि शेवटच्या घोटाला किमान १२ तास झाल्यावरच. आमटीत गुपचूप मिसळणं जिवावर बेतू शकतं.

झोप लागायला लागली की वही घ्यावी. पेल्यापासून मागे जात तीन दिवस लिहावेत: कुणाशी वाजलं, जेवण कधी चुकलं, खिशात पैसे किती होते, घरी कुठल्या वाटेने आलो. पेला बहुधा शेवटच्या ओळीत असतो. वर कुठेतरी ‘फॉलोअपला गेलो नाही’ असं सापडतं, आणि दुरुस्ती तिथून करायची असते. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्यात आधी पोटभर जेवावं.

शिमग्याला पालखीसोबत कुणाच्या बरोबरीने चालायचं, ते नाव आत्ताच त्या वहीत लिहावं, आणि त्या माणसाला तसं सांगूनही ठेवावं.