दोन शिखरं, दोन रेषा
आज दिवसभर मोबाईल बॅगेत बंद. हातात फक्त नकाशा आणि होकायंत्र. समोरची दोन शिखरं नकाशावर ओळखली, दोन्हींचे उत्तरेपासूनचे कोन घेतले, चुंबकीय (सुई दाखवते ती) आणि खऱ्या उत्तरेतला फरक धरला आणि शिखरांपासून उलट रेषा ओढल्या. त्या जिथे छेदल्या, तिथेच मी उभी होते! स्क्रीनवरच्या निळ्या ठिपक्याने हा आनंद कधीच दिला नाही. (कोन घेताना मोबाईल, चाकू लांबच ठेवा, सुई हलते.)

१:५०,००० च्या नकाशावर १ सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर, हे पाठ होतं. पायांना आज कळलं. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) दाटल्या की चढ उभा, हेही. पुढच्या वेळी रात्री करून बघायचंय, ओळखीच्या वाटेवर.