नोंद १९: एक्सपिडिशन ३३ चे ५.५ मागे घेतोय

आधी शिव्या घालून घ्या, मग पुढे वाचा.

आपण चौघे खेळांना दहापैकी गुण देतो, त्यात नोंद १७ मध्ये 'क्लेअर ऑब्स्क्यूर: एक्सपिडिशन ३३' या व्हिडिओ गेमला लढाईच्या रकान्यात मी ५.५ दिले होते. नुसते दिले नव्हते, तीन परिच्छेद खरडून ते कसे रास्त आहेत हेही तुम्हाला ऐकवलं होतं. "पॅरीची वेळ बेभरवशाची आहे, खेळ डोळ्यांना एक दाखवतो आणि बोटांकडे दुसरंच मागतो," हे माझंच वाक्य. (पॅरी म्हणजे शत्रूचा वार नेमक्या क्षणी बटण दाबून अडवणं.) मग २०२५ च्या डिसेंबरात त्याच खेळाने द गेम अवॉर्ड्समध्ये नऊ पुरस्कार उचलले, वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणूनही त्याचंच नाव आलं. त्या सकाळी डोंबिवलीकरांचा लोकलमधून मेसेज आला, फक्त "५.५". मी तरी हटलो नाही. पुरस्कार त्यांना मिळालाय, माझ्या बोटांना नाही, असं बाणेदार उत्तर दिलं.

तर मंडळी, चूक आमच्या टीव्हीची निघाली. खेळ बिचारा निर्दोष.

कसं कळलं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी हेच चालू असणार अशी मला दाट शंका आहे.

गोब्लूपाशी मी नऊ वेळा मेलो हे तुम्हाला माहीत आहेच. खेळातल्या फ्लाइंग वॉटर्स भागातला तो जाडा, मोठा शत्रू. डॉज, म्हणजे वार चुकवणं, जेमतेम जमायचं, पॅरी दहातून एकदा लागायची, तीही चुकून. डॉजची वेळ पॅरीपेक्षा ऐसपैस असते, त्यामुळे "मी म्हातारा होतोय" या निष्कर्षावर मी जवळजवळ आलोच होतो. पण माणूस स्वतःवर संशय घेण्याआधी सामानावर घेतो. मी कंट्रोलरवर घेतला. दोन वर्षं घासलेला, डावी स्टिक हात न लावताही वाहवत जाणारी. लॅमिंग्टन रोड गाठला, एका दुकानातून "ओरिजिनल आहे साहेब, बॉक्स बघा ना" असा कंट्रोलर घेतला. बॉक्स खरंच ओरिजिनल होता. आतल्या मालाचा ट्रिगर पहिल्या आठवड्यात कुरकुरायला लागला, आणि परत घेऊन गेलो तर साहेबांचा एकदम 'भाऊ' झाला. त्या रस्त्यावर केबल घ्या, स्क्रू ड्रायव्हर घ्या, थर्मल पेस्ट घ्या, तिथे त्याला तोड नाही. कंट्रोलर मात्र बिलाशिवाय घेऊ नका, आणि बिल म्हणजे कच्च्या कागदावर पेनने लिहिलेलं नव्हे.

यातला खरा मूर्खपणा तुमच्या लक्षात आला असेलच. पॅरी बटणावर आहे. स्टिक वाहवत गेली काय किंवा राहिली काय, पॅरीला काय फरक पडतो? हे मला पैसे गेल्यावर सुचलं.

मग गेल्या शनिवारी भांडुपकरांकडे बसायचं ठरलं. त्यांचं पीएस५ (प्लेस्टेशन ५ कन्सोल) दुरुस्तीला गेलेलं, म्हणून माझं घेऊन गेलो. पहिल्या खेपेचं, डिस्कवालं, साडेचार किलोचं धूड. पाठीवरच्या बॅगेत ते आणि करी रोडहून संध्याकाळची स्लो लोकल. शीवपर्यंत एका काकांनी ती बॅग खाली ठेवायला सांगितली, आणि कुर्ल्यानंतर सगळ्या डब्याने. भांडुपला जुनी सेव्ह, म्हणजे साठवलेला खेळ, उघडली, गोब्लू समोर आला आणि पहिल्याच फेरीत चारही वार पॅरी झाले. चारही! आपल्या बाजूची मायेल उलटा घाव घालते तेव्हा तो ठण्ण आवाज येतो ना, तो सलग ऐकायला मी दिवाळीपासून तडफडत होतो. भांडुपकर म्हणाले, "तुम्ही तर म्हणत होता बेभरवशाची आहे." वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्याही हसल्या. म्हणजे यांच्या घरात माझ्या ५.५ वर चर्चा होते.

कन्सोल तोच, कंट्रोलर तोच, सेव्ह तीच, बोटं तीच. बदलला तो फक्त पडदा.

रात्री घरी येऊन मोजमाप केलं, आणि ही पद्धत लिहून ठेवा. प्रत्येक पीएस५ मध्ये 'ॲस्ट्रोज प्लेरूम' हा ॲस्ट्रो नावाच्या रोबोचा खेळ फुकट येतो, तेच घ्यायचं, म्हणजे सगळ्यांचं मोजमाप सारखं राहतं. फोनचा कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनवर. कंट्रोलर पडद्यासमोर असा धरायचा की अंगठा आणि ॲस्ट्रो दोन्ही चौकटीत दिसतील. उडी मारायची, दहा वेळा. मग व्हिडिओ लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये उघडून 'ई' दाबत एकेक फ्रेम पुढे सरकायचं. बटण तळाला टेकलं ती पहिली फ्रेम, ॲस्ट्रोचे पाय जमिनीवरून सुटले ती शेवटची. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद.

आमच्या टीव्हीवर सरासरी ४६ फ्रेम आल्या. म्हणजे १९२ मिलिसेकंद. मला वाटलं मोजण्यात चूक झाली, पुन्हा दहा उड्या मारल्या. तेच. मग टीव्हीच्या मेन्यूत शिरलो आणि बघतो तर पिक्चर मोड 'व्हिव्हिड'. गेम मोड, म्हणजे चित्र न सजवता लगेच दाखवणारा, मी स्वतः लावला होता! तो लावून पुन्हा मोजलं: २५ फ्रेम, १०४ मिलिसेकंद. मधल्या २१ फ्रेम, म्हणजे साधारण ८७ मिलिसेकंद, हा टीव्ही चित्र घासूनपुसून चकचकीत करण्यात घालवत होता. सेकंदाला ६० फ्रेमने चालणाऱ्या खेळाच्या हिशोबात पाच फ्रेम. मी शत्रूचा जो हात पाहून बटण दाबत होतो, तो हात खेळात केव्हाच पडून गेलेला असायचा.

(१०४ हा आकडाही निव्वळ टीव्हीचा नाही. त्यात कंट्रोलर, कन्सोल आणि खेळ यांचा वेळही आला. म्हणून दोन मोडमधला फरक बघायचा, एकट्या आकड्यावरून भांडायचं नाही. गोरेगावच्या काका, तुमच्यासाठी लिहिलंय.)

आता प्रश्न असा की मोड बदलला कोणी आणि कधी. आईला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या त्या मोडमध्ये सगळे आजारी दिसतात रे. गणपतीत मामाने नीट करून दिला." गणपतीत! आमचं घर करी रोडला, त्यामुळे लालबागच्या रांगेआधी आणि रांगेनंतर अख्खं चिपळूण आमच्याकडे टेकतं. मामाने टीव्हीवर लाइव्ह दर्शन लावलं, बाप्पाचा शेला फिका दिसतोय म्हणून मोड बदलला, आणि वर 'सर्व इनपुटना लागू करा' हेही दाबून टाकलं. मामा तसा नीटनेटका माणूस.

टीव्ही २०१७ चा. कन्सोल दिसला की आपोआप गेम मोडवर जाण्याची ती नव्या टीव्हींतली सोय त्यात नाही. त्यामुळे बोंबलायलाही कुणी नव्हतं.

खरी पंचाईत इथून सुरू झाली. गुणवही काढली आणि 'कंट्रोल' आणि 'लढाई' हे दोन रकाने तारखेनुसार लावले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उशिरा खेळलेला 'ॲस्ट्रो बॉट': कंट्रोल ९.५. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. त्यानंतर 'सिल्कसाँग', जो ४ सप्टेंबरला आला: कंट्रोल ६. 'घोस्ट ऑफ योतेई', २ ऑक्टोबर: लढाई ६.५. दिवाळीच्या सुट्टीत एक्सपिडिशन ३३: लढाई ५.५. आणि मध्येच २५ सप्टेंबरचा 'हेडीस २' एकटा मान ताठ करून उभा: कंट्रोल ९. का? कारण तो प्लेस्टेशनवर नव्हताच. तो मी पीसीवर, मॉनिटरवर खेळलो. आकडे चार महिने माझ्याच वहीत ओरडून सांगत होते आणि मी त्यातून "यंदा कन्सोलवाल्यांचा दर्जा घसरलाय" असा सिद्धान्त काढत होतो. नोंद १८ मध्ये तो छापलाही. तो परिच्छेद कृपया विसरा.

म्हणून ठरवलं, गणपतीनंतरचं सगळं पुन्हा तपासायचं. 'सिल्कसाँग'पासून सुरुवात केली, कारण त्यावर सगळ्यात जास्त भांडण झालं होतं. दोन संध्याकाळी गेल्या. त्यातल्या हंटर्स मार्च भागातल्या त्या लाल कळ्यांवरून टुणटुण उड्या मारत जायचं ना, तिथे आधी मी वीसेक वेळा पडलो होतो. आता तिसऱ्या खेपेला पार! शेवटच्या कळीवरून कड्यावर पोचलो तेव्हा एवढ्या जोरात ओरडलो की शेजारच्या आजींनी भिंत ठोकली. पण एक सांगतो, नायिका हॉर्नेटचा तो तिरका खालचा घाव मला अजूनही खुपतो. याच मालिकेतल्या पहिल्या खेळात, 'हॉलो नाइट'मध्ये, सरळ खाली मारायची सवय लागलेल्या हाताला तो तिरकसपणा पचत नाही. टीव्ही त्यात निर्दोष आहे. कंट्रोल ६ वरून ८, त्याच्या पुढे नाही. आणि 'न्याय' या रकान्यातले माझे ५ जसेच्या तसे. खेळ साठवणाऱ्या बाकावर बसायला मणी (तिथले पैसे) मोजायचे, सुरुवातीच्याच शत्रूंनी दोन-दोन मुखवटे (तिथले प्राण) उडवायचे, लास्ट जज या बड्या शत्रूकडे दर वेळी तेवढं अंतर तुडवत जायचं, हे काही मामाने केलेलं नाही. खेळ बनवणाऱ्या टीम चेरीने सप्टेंबरातच सुरुवातीचे दोन बॉस (बडे शत्रू) जरा मऊ केले, त्यावरून काय ते समजा.

'योतेई'पाशी मात्र माझा बेत फसला. पुन्हा गुण द्यायचे तर पुन्हा चाळीस तास द्यायला हवेत, आणि गोष्ट आता ठाऊक आहे, म्हणजे दुसऱ्या खेपेचे गुण पहिल्यासारखे असणारच नाहीत. तासभर खेळलो, पॅरी लोण्यासारखी लागत होती, पण त्या एका तासावर ८ लिहायला मन होईना. त्या खेळाचा लढाईचा रकाना सध्या कोरा ठेवतोय. ६.५ खोडले आहेत एवढं नक्की.

हे लिहितानाच 'सायबरपंक २०७७' आठवला. १० डिसेंबर २०२० ला तो आला, त्याआधी समीक्षकांच्या हातात पडल्या त्या फक्त पीसीच्या प्रती. वर मोठमोठे गुण झळकले, आणि पीएस४ वर लोकांनी लावला तेव्हा माणसं हात आडवे पसरून टी आकारात उभी. आठवड्याभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढलाच. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर पीसीला ८६ आणि पीएस४ ला ५७ गुण आहेत, एकाच नावाच्या खेळाला! तेव्हा मी हसलो होतो, की यांना कशावर खेळलो ते लिहायला काय झालं होतं. आणि पाच वर्षांनी माझ्या वहीत 'कशावर खेळलो' हा रकानाच नाही.

'सिल्कसाँग'चंही तेच. स्टीम या पीसी खेळांच्या ऑनलाइन दुकानात बाकीचं जग त्याला डोक्यावर घेत असताना चिनी भाषेतले अभिप्राय आडवे पडले होते, कारण भाषांतर वाईट होतं. त्यांच्या समोरचा खेळ खरंच वेगळा होता.

म्हणून आजपासून नवा रकाना: पडदा, मोड, मोजलेल्या फ्रेम. मोजणी नसेल तर कंट्रोलला गुण नाहीत.

पण आता दुसरंच डोक्यात आलंय, आणि ते तुम्हाला आवडणार नाही. आपण चौघांचे गुण एकत्र करून सरासरी काढतो, तीही भांडुपकरांना जास्त वजन देऊन, कारण ते सगळे खेळ पूर्ण करतात. मेटाक्रिटिकही असंच वजन देतं आणि कुणाला किती ते सांगत नाही, म्हणून आपणच त्याला नावं ठेवतो. तसलंच ओपनक्रिटिक निदान साधी सरासरी काढतं. 'फॉलआउट: न्यू वेगस'च्या वेळी खेळ बनवणाऱ्यांना बोनससाठी ८५ हवे होते आणि मेटाक्रिटिकवर ८४ आले, ही गोष्ट आपण दर बैठकीत उगाळतो. मग सरासरी हवीच कशाला? जपानचं फामित्सू हे खेळांचं मासिक बघा. चार समीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण वेगवेगळे छापतात, बेरीज चाळीसपैकी. १९९८ मध्ये 'ओकारिना ऑफ टाइम'ला पहिल्यांदा चाळीसपैकी चाळीस मिळाले. आपणही चार जण आहोत. चार आकडे शेजारीशेजारी ठेवले असते तर ९, ९, ८.५ आणि माझे ५.५ हे चित्र पहिल्याच दिवशी दिसलं असतं, आणि कुणीतरी विचारलं असतं, अरे तुझ्या घरी काय बिघडलंय? सरासरीत माझं येडेपण आठाच्या आसपास जाऊन लपून बसलं.

थांबा, चाळीसपैकी बेरीजही नको. चार आकडे, खाली चार पडदे, बस्स.

एक्सपिडिशन ३३ चे नवे गुण आज देत नाहीये. लॅम्पमास्टर या बॉसपर्यंत पुन्हा पोचलोय, त्याच्या तलवारीच्या वारांच्या लांबलचक माळेतले शेवटचा सोडून सगळे वार काल अडवले. शेवटचा अजून चकवतोय, आणि या वेळी तो माझाच दोष आहे. तो अडवला की आकडा लिहीन. ८ च्या खाली जाणार नाही, ९ ला मात्र अजून तयार नाही, कारण चौथ्या-पाचव्या तासाला छोट्या शत्रूंचा कंटाळा येतो तो टीव्हीमुळे येत नाही.

रविवारी भांडुपलाच बसू. मेगाब्लॉक बघून निघा. फोन पूर्ण चार्ज करून आणा, २४० फ्रेमची सोय आहे का तेही घरीच बघा. डोंबिवलीकरांनी आपल्या टीव्हीच्या दहा उड्या आधीच मोजून आणाव्यात, त्यांच्या 'योतेई'च्या ७ वर मला आता संशय आहे.

आणि हो, रिमोटच्या पाठीला मी चिकटपट्टी लावून 'गेम मोड बदलू नये' असं लिहिलं होतं. आज सकाळी बघितलं तर आईने त्याखाली पेनने लिहिलंय, "साडेसात ते नऊ सोडून."