उकडलेला बटाटा ते गुरू: माझा अनुभव

१० जानेवारी २०२६ ला गुरू प्रतियुतीत, म्हणजे आपल्याकडून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, आला. तेव्हापासून फेब्रुवारी संपेपर्यंत मी दुर्बिणीतून त्याचे फोटो काढत आणि रजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधले वेव्हलेटचे (बारीक तपशील उठवणारे) सहा स्लायडर मागेपुढे सरकवत बसलो. जास्त ओढले की कडेला कांद्यासारखी कडी, मागे घेतले की उकडलेला बटाटा. आठ इंची डॉब्सोनियन (हातानं फिरवायची आरशाची दुर्बीण), दोनपट बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग), २.९ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा. सामानाला नावं ठेवायला जागा नव्हती. विकणाऱ्याला फोन केला, तर म्हणे तीनपट बार्लो घ्या. घेतला. बटाटा मोठा झाला.

कोलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तीनदा केलं. व्हिडिओतल्या चांगल्या फ्रेम निवडून एकावर एक रचणाऱ्या ऑटोस्टॅकर्टमध्ये १० टक्के फ्रेम घेतल्या, मग ५० टक्के. रात्री एकपर्यंत हाच उद्योग.

उत्तर आईनं दिलं. रात्री नऊ वाजता कुरडयांचं कापड उचलायला ती अनवाणी गच्चीवर आली. "अरे, स्लॅब अजून गरम हाय की!" माझ्या पायात चप्पल, मला काय कळणार? एक तारा मुद्दाम फोकसबाहेर काढून पाहिला. चकतीवर चुलीवरच्या हवेसारख्या रेघा नुसत्या सळसळत होत्या. खाली सोलापूरच्या उन्हात दिवसभर भाजलेला स्लॅब, वर पत्र्याच्या खोलीतून तशीच बाहेर आणलेली दुर्बीण, आरसाही तापलेला. फ्रेममध्ये जे उतरलंच नाही, ते स्लायडर कुठून आणणार? दीड महिना गेला, त्याचा राग अजून आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहालाच दुर्बीण मागच्या मोकळ्या प्लॉटवर मातीत नेऊन ठेवली, आरसा निवू दिला. नऊनंतर ३० सेकंदांचे चार व्हिडिओ घेतले. डॉबला मोटर नाही, तेवढ्यात गुरू फ्रेम ओलांडून जातो. नंतर प्रत्येक फ्रेममध्ये त्याला मधे आणायचं काम पिप हे सॉफ्टवेअर करतं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांत उरका, कारण गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो आणि तपशील पुसट होतात. आणि हो, यंदा तो आपल्या डोक्यापासून जेमतेम पाच अंशांवरून जातो. तिथं डॉब वळवताना मान मोडते, तासभर आधी किंवा नंतर घ्या.

त्या रात्री पहिले दोनच स्लायडर हलवले. पट्ट्यांच्या कडा वेगळ्या झाल्या, लाल डाग दिसला. आई म्हणाली, "काचेवर काहीतरी पडलंय बघ."

तीनपट बार्लो डब्यात पडून आहे. कोणाला हवा असेल तर सांगा.