उतरत्या छपराखालचा घुमट

५ नोव्हेंबर, रात्र

इंग्लंडात आज गाय फॉक्सची रात्र. १६०५ साली काही कॅथलिकांनी पार्लमेंट उडवायला तळघरात ठेवलेली बंदुकीची दारू पकडली गेली, त्याच्या आनंदात अजून शेकोट्या पेटतात. आणि नेमक्या याच तारखेला, १६८६ मध्ये, यॉर्कच्या मिकलगेट वेशीबाहेर फ्रान्सिस बेडिंगफील्ड या ननने एक घर विकत घेतलं, कॅथलिक मुलींच्या शाळेसाठी! सर थॉमस गॅस्कॉइन यांनी अशा शाळेसाठी १६७७ मध्येच ४५० पौंड काढून दिले होते. इंग्लंडात तेव्हा कॅथलिक शिक्षणाला बंदी, मुलींना शिकायला समुद्रापलीकडे पाठवणं हाही गुन्हाच, त्यामुळे शाळा घराजवळच हवी होती. यॉर्कमध्ये वेशीला 'बार' म्हणतात, त्यावरून तिचं नाव पडलं बार कॉन्व्हेंट. १६८६ मध्ये राहणाऱ्या मुलींचे वर्ग, १६९९ मध्ये गावातल्या मुलींसाठी मोफत दिवसशाळा.

या नन मेरी वॉर्डच्या पंथातल्या. मेरीने १६०९ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या सेंट ओमेरला काम सुरू केलं तेव्हा तिची मागणी साधीच होती: मठाची भिंत नको, शिकवायला मोकळं फिरता आलं पाहिजे. रोमला हेच खुपलं. सोळाव्या शतकात ट्रेंटला भरलेल्या कॅथलिक धर्मसभेनंतर ननने आयुष्यभर मठाच्या भिंतीआडच राहायचं, असा दंडक होता. १६३१ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी पंथच बंद केला आणि मेरीला म्युनिकच्या मठात कोंडलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. कागद विस्तवाजवळ धरला की अक्षरं उमटत.

गंमत इथेच आहे. बंदीनंतरही मेरीच्या सिस्टर काम करत राहिल्या, आणि रोमला जो दोष वाटला, तोच यॉर्कमध्ये कामाला आला. ना पंथाचा झगा, ना जाळीची खिडकी. बाहेरून पाहणाऱ्याला काही सभ्य बायका मुलींना शिकवताना दिसायच्या, एवढंच. भिंतीआड राहणाऱ्या पंथाला हे जमलंच नसतं. पंथाच्या नियमांना पोपची मान्यता मिळाली ती थेट १७०३ मध्ये, आणि मेरीला संस्थापिका म्हणायची मुभा १९०९ मध्ये. उशीर म्हणावा तरी किती!

इंग्लंडात १७०० पासूनचा कायदा तर असा होता, की शाळा चालवताना सापडलेल्या कॅथलिकाला जन्मठेप. ती १७७८ मध्ये उठली, आणि प्रार्थनागृहं कायदेशीर झाली १७९१ मध्ये. पण इथलं चॅपेल त्याच्या २२ वर्षं आधीच, १७६९ मध्ये उभं राहिलं होतं. घुमटाचं चॅपेल बांधायचं आणि घुमट दिसू द्यायचा नाही, हा पेच. वास्तुकार थॉमस अ‍ॅटकिन्सनने चॅपेल घराच्या पोटात घेतलं आणि घुमटावर साधं उतरतं छप्पर चढवलं. बाहेर पडायला आठ वाटा. धाड पडली तर माणसांनी फुटायचं कुठून, याचा विचार आधीच झालेला. धर्मगुरूला लपायला जमिनीत एक पोकळी, तीही आहे.

याच शाळेत शिकलेली आयर्लंडची तेरेसा बॉल पुढे तिथेच नन झाली, १८२१ मध्ये डब्लिनला परतली आणि तिथे या पंथाची लोरेटो नावाची शाखा काढली. तिच्या सिस्टर १८४१ च्या अखेरीस कोलकात्याला उतरल्या. तिथल्या लोरेटो शाळांचं मूळ असं यॉर्कच्या या घरात सापडतं.

यॉर्कची मूळ शाळा १९८५ मध्ये इतर कॅथलिक शाळांशी मिळून मुलामुलींची एकत्र शाळा झाली. चॅपेल मात्र आहे तिथेच आहे, आणि रस्त्यावरून पाहिलं तर घुमट आजही दिसत नाही.