रामटेकच्या खडकावर नागपूरची पोरं

‘नागपुरात कसले आलेत डोंगर?’ पुण्या-मुंबईकडचे क्लाइंबिंगवाले भेटले की हा प्रश्न ठरलेला. आमच्याकडे सेमिनरी हिल्स आहे, सीताबर्डीची टेकडी आहे, बाकी चहूकडे सपाट. सह्याद्रीतला एखादा कडा बघायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. पण जबलपूर रोडने तास-सव्वा तास गेलं की रामटेकचा डोंगर दिसायला लागतो, आणि त्या भागातल्या टेकड्यांत उत्तम खडक आहे. आमच्या पोरांना यंदा तिथे नेलं. त्याबद्दल लिहायलाच हवं होतं.

आमची टीम म्हणजे अकरा ते सतरा वयोगटातली मुलं-मुली. अठराच्या आतली आहेत म्हणून कोणाचंच नाव लिहीत नाही. सगळी शिकलेली कृत्रिम भिंतीवर. टोकियो ऑलिंपिकमध्ये स्पोर्ट क्लाइंबिंग आलं, पुढे 2024 ला पॅरिसमध्ये स्पीडची (वेगाने चढण्याची) पदकं वेगळी झाली, तेव्हापासून पालकांनाही या खेळाची ओळख पटली. आता ‘हे झाडावर चढण्यासारखंच ना?’ असं कोणी विचारत नाही. पोरं भिंतीवर खरंच छान चढतात. मात्र भिंतीवर सगळं आधी ठरलेलं असतं. पिवळा रूट (चढायची वाट) म्हणजे पिवळे होल्ड (हातापायाला आधार देणाऱ्या जागा). हात कुठे जाणार, पाय कुठे जाणार, हे रूट बसवणाऱ्याने आधीच ठरवलेलं. खडकावर रंग नसतो. तिथे होल्ड कुठला हे चढणाऱ्यालाच शोधावं लागतं, आणि माझ्या मते क्लाइंबिंग खरं तिथून सुरू होतं.

जानेवारीतली पहाट होती. कामठी रोडच्या डबल डेकर पुलावरून गाडी निघाली तेव्हा पोरं कानटोप्यांत गुंडाळून झोपलेली. कन्हान नदीवर धुकं इतकं होतं की पुलाचे कठडेही दिसत नव्हते. मनसरला महामार्ग सोडला, तर्री-पोहे खाल्ले. त्या तर्रीने पोरं एकदाची जागी झाली आणि गाडीत आवाज सुरू झाला तो शेवटपर्यंत थांबला नाही.

मनसरला थांबलं की मला खडकाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. नागपूर शहर दख्खनच्या लाव्ह्याच्या अगदी पूर्वेच्या काठावर वसलंय. शहराच्या पश्चिम अंगाला काळा बेसॉल्ट, आणि पूर्वेकडे सरकलं की तो संपतो आणि त्याच्या खालचे, त्याहून कित्येक पट जुने खडक उघडे पडतात. मनसरचं मँगनीज याच जुन्या खडकांतलं. रामटेकचा डोंगरही त्यांचाच. भूशास्त्रात त्यांना सौंसर समूह म्हणतात, मध्य प्रदेशातल्या सौंसरवरून. प्रचंड दाबाखाली आणि उष्णतेत भाजून निघालेले हे दगड. वाळूचा क्वार्टझाइट झालेला, चिखलाचा चकाकणारा शिस्ट झालेला. सह्याद्रीच्या बेसॉल्टवर आडवे थर असतात, त्यामुळे कडा ओळीने वाचता येतो. इथे थर तिरपे, वाकलेले, आणि मधूनच पांढऱ्या गारेचे पट्टे आडवेतिडवे गेलेले. एका पोराने हाताला घाम टिपणारा खडू लावून खडक चाचपला आणि तळवा उलटा करून बघत राहिला. पांढऱ्या खडूवर अभ्रकाच्या बारीक टिकल्या चिकटून चमचम करत होत्या. मग सगळ्यांनाच तसे हात करून बघायचे होते.

जागा नेमकी कुठली ते लिहिणार नाही. गडावरच्या देवळांपासून ती लांब आहे, वनखात्याच्या हद्दीत आहे, आणि परवानगी काढून, गावातल्या माहीतगार माणसाला सोबत घेऊनच जावं लागतं. गडावर आणि देवळांच्या आसपासच्या दगडांवर चढायचं नाही, हा आमचा नियम. पाचव्या शतकातल्या वाकाटकांच्या देवळांशेजारी बूट घासत चढणं शोभतही नाही.

खडकाशी पोचल्यावर लगेच रोप (दोर) काढायचा नसतो. आमच्या कोच सरांनी दुर्बीण बाहेर काढली आणि सगळ्या कड्यावरून सावकाश फिरवली. आग्या मोहोळ. आमच्या भागात क्लाइंबिंगमधला सगळ्यात मोठा धोका पडण्याचा नाही, आग्या माश्यांचा आहे. या माश्या ओव्हरहँगच्या, म्हणजे बाहेर झुकलेल्या कड्याच्या, पोटाला उघड्यावर भलंमोठं पोळं बांधतात आणि डिवचल्या तर झुंडीने येतात, लांबपर्यंत पाठलाग करतात. रोपवर अडकलेल्या माणसाला तर पळताही येत नाही. डावीकडच्या भेगेची लाइन सगळ्यात देखणी होती, खालपासून वरपर्यंत हाताच्या रुंदीची एकसंध भेग, आणि तिच्याच वर उजव्या बाजूला काळं पोळं लोंबत होतं.

मोठी पोरं हिरमुसली. “सर, आवाज नाही करत ना आम्ही. एकदम चुपचाप जातो.”

“नाही म्हणजे नाही. त्या अंगाला कोणी फिरकायचंही नाही.”

विषय संपला. सगळा गट पोळ्यापासून पुष्कळ लांब, टेकडीच्या दुसऱ्या अंगाला नेला. कोणी अत्तर, डिओ मारलाय का ते विचारलं, एकाने मारला होता, त्याला शर्ट बदलायला लावला. धूर नाही, गाणी नाहीत. एवढं केल्यावरच बॅगा उघडल्या.

अँकर, म्हणजे रोप अडकवायचा वरचा आधार, बांधताना सर पोरांना वर घेऊन गेले. दोन वेगवेगळे आधार, एक झाडाचं जाड खोड आणि एक रुतून बसलेला प्रचंड धोंडा, दोन्हीकडून स्लिंग (मजबूत पट्टे) आणून एका जागी जोडायची. मग त्यांनी एका दणकट पोराला उभं केलं आणि दोन्ही हातांना एक-एक पट्टा बांधून मधोमध पाण्याची भरलेली बॅग लटकवली. हात जवळजवळ होते तोवर पोरगा निवांत. “आता हात फाकव.” हात जसे लांब गेले तसा त्याचा चेहरा लाल व्हायला लागला. बॅग तीच, वजन तेच. दोन स्लिंगमध्ये साठ अंशांचा कोन असेल तर प्रत्येक आधारावर साधारण 58 टक्के भार येतो; कोन 120 अंशांचा झाला तर प्रत्येकावर पूर्ण शंभर टक्के. दोन आधार असूनही एकाचाच उपयोग उरतो. भूमितीच्या तासाला डुलक्या घेणारी पोरंही तिथे कान देऊन ऐकत होती, कारण दुपारी त्याच अँकरवर त्यांनाच लटकायचं होतं.

रोपचंही तसंच. चढायचा रोप डायनॅमिक असतो, ताणला जातो, आणि म्हणूनच पडल्यावर कंबरेला बसणारा झटका कमी होतो. पण टॉप रोपवर, म्हणजे वरच्या अँकरमधून खाली आलेल्या रोपवर, हाच गुण सुरुवातीला त्रासाचा. मधे लांबलचक रोप मोकळा असताना जमिनीपासून डोक्याएवढ्या उंचीवर पाय सुटला तर रोपच्या ताणातच माणूस खाली टेकू शकतो. म्हणून पहिल्या काही हालचालींत बिले देणाऱ्याने (खालून रोप सांभाळणाऱ्याने) रोप घट्ट ठेवायचा. आमच्या चिमुरड्यांपैकी एक जण आपल्याहून दीडपट वजनाच्या दादाला बिले देणार होती, तिला मागच्या झाडाला बांधून घेतलं. तिने गाठ बघितली, कॅराबिनरचं (धातूच्या कडीचं) लॉक दाबून बघितलं, मग दादाच्या हार्नेसमधली (कंबरपट्ट्यातली) आठाची गाठही बोट फिरवून तपासली. दादा हसला नाही, उभा राहिला. हे बघून मला जे वाटलं ते कुठल्याही पदकाने वाटलं नसतं.

दोन रोप शेजारी-शेजारी असल्यामुळे आधी नाव घेऊन मगच हाक द्यायची, असं ठरलं. नुसतं “टेक!” (रोप ताणून धर) ओरडलं तर कोणी कोणाला धरायचं?

आता स्लॅबबद्दल, म्हणजे कललेल्या सपाट खडकाबद्दल. आमच्याकडे आठवीतली एक मुलगी आहे, भिंतीवरच्या ओव्हरहँगवर तिच्या तोडीचं कोणी नाही. हातात ताकद आहे, धाडस आहे. इथे तिच्या वाट्याला आला साधा, कललेला, जेमतेम सत्तर अंशांचा खडक. खालून बघितलं तर कोणालाही वाटेल, हा तर चालत चढता येईल. ती दोन-तीन हालचाली झरझर गेली आणि थांबली. हात वर फिरवले, डावीकडे, उजवीकडे. काही नाही. गुळगुळीत.

“ताई, इथं तं काहीच नाई पकडायला!”

“पकडायचं नाहीच तिथे. पाय बघ.”

“पायाले बी काई नाई!”

घाबरली की ती आजीच्या बोलीवर येते. खडकाला छाती लावून चिकटली होती, टाचा वर गेलेल्या, पिंढऱ्या थरथरत होत्या. स्लॅबवर हेच सगळ्यात वाईट. जितकं खडकाला बिलगावं तितका पायावरचा भार बाहेरच्या दिशेला जातो आणि बूट सरकतो. उलट कंबर बाहेर काढायची, टाच खाली सोडायची, अख्खं वजन बुटाच्या पुढच्या रबरावर द्यायचं. मग तेच रबर खडकाच्या बारीक खरबरीतपणात बसतं आणि धरून ठेवतं. हे सांगायला सोपं. शरीर ऐकत नाही, कारण शरीराला मिठी मारायची असते.

सरांनी तिला खाली घेतलं. रागावले नाहीत, उपदेश केला नाही. बॅगेतून दोन टेनिस बॉल काढले, तिच्या दोन्ही मुठीत दिले आणि खालच्या कमी उताराच्या खडकावर चालायला सांगितलं. मुठीत बॉल असला की बोटांनी काही पकडताच येत नाही. राहतात ते पाय. आधी ती अडखळली, मग एक पाऊल, मग आणखी एक. हळूहळू तिची मान खाली गेली आणि ती पायांकडे बघायला लागली. तिची नजर एरवी कायम पुढच्या होल्डवर असते; इथे ती बुटाच्या टोकापाशी शोधत होती. जिथे गारेचा पट्टा नखभर पुढे आलाय तिथे पाय. जिथे खडक जरा खोलगट आहे तिथे पाय. मग तिच्यामागे सगळी टीम बॉल घेऊन रांगेत, आणि खेळच सुरू झाला.

पुन्हा रोपवर आली तेव्हा मघाच्याच जागी थांबली. एक मोठा श्वास घेतला. कंबर बाहेर काढली. उजवा बूट त्या गारेच्या काठावर ठेवला, टाच सोडली आणि उभी राहिली. हातांत तेव्हाही काही नव्हतं, नुसते तळवे खडकावर टेकलेले. खालून कोणी ओरडलं नाही. वरच्या अँकरला हात लागला तेव्हा मात्र “हाव ना बाप्पा!” असा एकच गलका झाला, आणि सरांनी ओठांवर बोट ठेवून आग्या माश्यांकडे खूण केली.

अकराच्या सुमारास ऊन खडकावर आलं. थंडीत रबर आणि बोटं दोन्ही चांगली धरतात. दगड तापला की घाम सुटतो, खडू पुरत नाही. म्हणून दुपारी चढणं बंद केलं. सावलीत डबे उघडले. शेजारच्या बागेतल्या माणसाने आंबिया बहाराची शेवटची संत्री दिली, पैसे घेतले नाहीत. सालं, बिया, खडूचे तुकडे, टेपचे कागद, सगळं पिशवीत भरून परत आणलं. खडकावर जिथे खडूचे पांढरे ठसे राहिले होते तेही ब्रशने घासून काढले. पुढच्याला ठसे दिसले तर त्याच्यासाठी ती जागा पुन्हा भिंतच झाली.

संध्याकाळी गडावर गेलो. पायऱ्यांवर वानरांनी आमच्या एका पोराची फुटाण्यांची पुडी हातातून ओढून नेली. सकाळपासून खडक वाचून पोरांचे डोळे वेगळेच झाले होते. केवल नरसिंहाच्या भव्य मूर्तीपुढे हात जोडून बाहेर आल्यावर एक पोरगा भिंतीचे दगड निरखत राहिला, एकावर एक कसे बसवलेत ते बघत. हात मात्र त्याने पाठीमागे बांधले होते.

उतरताना गडावरून अंबाळा तलाव दिसत होता, आणि पलीकडे मावळतीच्या उजेडात टेकड्यांची रांग. त्यातली आमची कुठली, यावर पोरांचा वाद रंगला तो थेट कामठीपर्यंत. उंच पोराचं म्हणणं, आठवीतल्या मुलीने पाय गारेच्या पट्ट्यावर ठेवला. तिचं म्हणणं, पट्ट्याच्या खाली, वर ठेवला असता तर सरकलाच असता. दोघांनी मोबाइलवरच्या फोटोत मोठं करून करून बघितलं तरी मिटेना.

नागपूरचं ऊन फार दिवस सवड देत नाही. होळी झाली की खडकाला हात लावून देत नाही, मे महिन्यात तर पारा पंचेचाळीसच्या वर जातो. म्हणून पुढची फेरी फेब्रुवारीतच करायची आहे. वनखात्याकडे अर्ज टाकलाय. डावीकडची ती भेग यंदा होणार नाही. माश्या आपल्या वेळेला पोळं सोडून जातात, त्या गेल्या की बघू. तोवर मोठ्या पोरांना जमिनीवर उभं राहून भेगेत हात अडकवायचा सराव करायचाय. उंच पोराने त्यासाठी घरी दोन फळ्या शेजारी-शेजारी ठोकून घेतल्यात, असं त्याच्या आईने सांगितलं.